फाटकाबाहेर उभ्या अक्का

तिसऱ्या पागेवरून निघालो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि माझ्या टाचेला चप्पल लागायला लागली होती. अक्का पुढे, मी मागे. त्यांची चालच अशी की बरोबरचा माणूस आपोआप मागे पडतो. कालव्याच्या कडेने बरंच अंतर गेल्यावर त्यांनी वळून पाहिलं.

"लंगडतेस होय गं? वाटेत नाल ठोकून घेऊ या का?"

मी म्हटलं, आधी तुमच्या जिभेला लगाम घाला. त्या हसल्या, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. पुढे चौथी पागा होती, सगळ्यांत मोठी. तिथे काय ऐकून घ्यावं लागणार हे दोघींनाही ठाऊक होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. आमच्या भागातल्या घोडेपालक संघाच्या त्या सेक्रेटरी. सरकारी कचेरीत, बाजार समितीत, वर्तमानपत्रवाल्यांसमोर, जिथे कुठे घोडेवाल्यांच्या वतीने कुणी बोलायचं असेल तिथे अक्का बोलणार, असं इतकी वर्षं चाललेलं. आणि त्या दिवशी त्या दारोदार फिरून एकच गोष्ट सांगत होत्या, की तुमच्या घोड्यांना मी आजार लावला असेल, तर लक्ष ठेवा.

झालं होतं ते असं. आमच्याकडे वर्षातून एकदा शिंगरांचा बाजार भरतो. लांबून लांबून लोक येतात. ज्यांच्याकडे दोनचारच घोड्या आहेत त्यांचं अख्खं वर्ष त्या एका बाजारावर उभं असतं. बाजाराच्या आधी सेक्रेटरीने प्रत्येक पागेत जाऊन शिंगरं पाहून यायची अशी पद्धत. अक्कांनी ती फेरी नेहमीसारखी एका दिवसात उरकली. फेरीतली पहिली पागा मास्तरांची. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. तीन घोड्या आणि एक शिंगरू एवढाच त्यांचा पसारा. थोड्याच दिवसांनी त्यांचा फोन आला. एका घोडीच्या जबड्याखाली सूज आलीय, लाळ गळतेय, अंग गरम आहे, चंदीला तोंड लावत नाही.

घोड्यांना गळ्याचा एक आजार होतो. जबड्याखाली गाठी येतात, नाक वाहतं, आणि एकाचं दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. तो असला तर पागा बंद, बाजारही बंद. मास्तरांच्या घोडीला तोच असावा असं घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंना वाटलं. दुखऱ्या तोंडाला ती हातही लावू देईना, म्हणून त्यांनी नाकातला नमुना तेवढा घेतला, तपासायला शहरात पाठवला आणि निकाल येईपर्यंत कुठलाही घोडा कुठे हलवू नका म्हणून बजावलं.

मास्तरांचा तो फोन आला तेव्हा अक्का आमच्याकडे जेवायला बसल्या होत्या. फोन ठेवला आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरला. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

इथे मला अक्कांची एक सवय सांगितली पाहिजे. ही मंडळी घोड्याला भेटतात ती हाताने नाही, श्वासाने. तोंडाजवळ तोंड न्यायचं, नाकपुडीत हलकीच फुंकर घालायची. घोडा उलट फुंकर घालतो. मग ओळख झाली असं समजायचं. त्यानंतर त्याचं नाक पुसायचं, शाळेतून आलेल्या पोराचं पुसावं तसं. आमचे हेही तेच करतात आणि त्याच तोंडाने स्वयंपाकघरात येतात, म्हणून माझी कायमची कुरकुर. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात खिडकीतून एका घोडीने आत मुंडकं घातलं आणि माझ्या कानाशी फुरफुरली. तेव्हापासून मी घोड्यांना नमस्कार करते तो लांबूनच. अख्ख्या भागात माझं नाव 'लांबूनच वहिनी' पडलंय. लोक तोंडावर म्हणतात, मला काही वाटत नाही.

तर अक्कांची नाक पुसायची वस्तू म्हणजे तो टॉवेल. गंमत बघा, प्रत्येक पागेच्या फाटकाशी हात धुवायला नळ आणि साबण हवा हा आग्रह त्यांचाच. त्यासाठी दोन वर्षं लोकांशी भांडल्या. त्या दिवशीही त्यांनी प्रत्येक फाटकाशी कोपरापर्यंत हात धुतले होते.

"हात धुतले गं," त्या मला म्हणाल्या, "आणि याच टॉवेलला पुसले. सगळीकडे."

यांचं म्हणणं पडलं की टॉवेलचं कशाला काढतेस, मास्तरांकडे आजार निघालाय, सांभाळून राहा, एवढं सगळ्यांना फोनवर कळव की झालं. यात काही खोटं नव्हतं. अक्का म्हणाल्या, मग लोक म्हणतील, आपला घोडा मास्तरांकडे कधी गेलाय? आणि बिनघोर झोपतील. ज्याच्याकडे मी गेले त्याला मी गेले होते हे कळलं पाहिजे. आणि फोनवर नाही, माझं तोंड बघून त्यांना चार शब्द बोलता आले पाहिजेत.

अक्कांच्या जीपमध्ये त्या फेरीचं गवत, पोती, सगळं पडलेलं, म्हणून ती धुऊन वाळेपर्यंत बंद. अक्का सकाळी पायीच निघाल्या. मला ये म्हणाल्या नाहीत. मीच त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या. नंतर कळलं की माझा उपयोगही होता. ज्यांच्याकडे ताप मोजायचं यंत्र नव्हतं त्यांना ते द्यायचं होतं, आणि अक्का तर कुणाच्या वस्तूला हात लावायला तयार नव्हत्या. त्या रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहायच्या आणि मी फाटकाशी जाऊन पिशवीतून काढून द्यायची. घोड्यांच्या बाबतीत सगळ्या भागात माझ्याइतकं सोवळं माणूस दुसरं कोण असणार?

त्या सकाळच्या पहिल्या दोन पागांत लोकांनी ऐकून घेतलं. एक म्हातारा तर अक्का लांब उभ्या राहून बोलतात म्हणून उगाच घाबरला, त्याला वाटलं आजार अक्कांनाच झालाय. तिसरीकडची बाई जरा फटकळ. ती म्हणाली, तुम्ही नसतं सांगितलं तर आम्हाला काय कळणार होतं?

"तुला नसतं कळलं," अक्का रस्त्यावरून ओरडून म्हणाल्या. "तुझ्या घोड्यांना कळलं असतं."

आता चौथी. तिथल्या मालकांना सगळे मोठे मालक म्हणतात. त्यांची पागा शाळेच्या इमारतीएवढी, आत झाडलोट अशी की आपल्या घरात नसेल. आम्हाला पाहून ते स्वतःच फाटकापर्यंत आले. अक्का थांबल्या तिथेच थांबल्या आणि एका दमात सगळं बोलल्या. टॉवेलसकट. मग मालकांनी सुरुवात केली. गेल्या वर्षी त्यांच्या माणसाने हात न धुता दुसऱ्या पागेत पाऊल टाकलं म्हणून अक्कांनी भर सभेत त्यांची खरडपट्टी काढली होती. ते सगळं त्यांनी शब्दाला शब्द परत केलं. आम्हाला धुवायला शिकवता आणि स्वतः मळकं फडकं घेऊन गावभर नाकं पुसत फिरता, म्हणाले. निकाल वाईट आला तर तुम्ही ही खुर्ची सोडायची, आणि चांगला आला तरी सोडायचा विचार करा. मला मधे बोलावंसं वाटत होतं, पण अक्कांनी हातानेच थांबवलं. त्या एवढंच म्हणाल्या की निकाल येऊ द्या, मग सभेत तुम्ही म्हणाल ते. ताप सकाळ-संध्याकाळ मोजा.

मालकांनी आमच्या तोंडावर फाटक लावलं आणि आतून कडी घातली. अक्का वळल्या.

"कडी घातली ते बरं केलं," म्हणाल्या. "आता आठ दिवस आत कुणी जायचं नाही. हुशार माणूस."

मी म्हटलं, तुम्हाला एवढं बोलले ते? त्यावर त्या म्हणाल्या, बोलले ते खरंच होतं, त्यात कुठला शब्द जास्तीचा होता ते तू सांग.

पुढची वाट लांब होती आणि सावली नव्हती. मी मनातल्या मनात देवाशी बोलत होते. मागणं असं काही नव्हतं. नुसतं सांगत होते की ही बाई तुला माहीत आहे, हिने कुणाचं वाईट चिंतलेलं नाही, आता तूच बघ. ओठ हलत असावेत, कारण अक्कांनी विचारलं, काय पुटपुटतेस. तुमचंच चाललंय म्हटलं. अक्का देवाधर्माच्या फारशा वाटेला जात नाहीत. पण त्या दिवशी चेष्टा केली नाही. म्हणाल्या, चालू दे.

अक्कांना मी ओळखते ती तीसेक वर्षं. माझे सासरे घोडे भाड्याने द्यायचे, आणि अक्का त्यांची पहिली मुलगी, म्हणून पोरगी असली तरी लहानपणापासून पागेतच. लग्न झालं ते एका नालबंदाशी. ते भावोजी कमालीचे अबोल. ते घोड्याचा पाय धरून खाली वाकलेले आणि अक्का तोंडाशी उभ्या राहून घोड्याला गप्पांत गुंतवतायत, असा त्यांचा संसार घोड्याच्या दोन टोकांना झाला. अक्का म्हणतात, आमचं कधी भांडण झालं नाही कारण मधे कायम एक घोडा उभा असायचा. भावोजी आजारपणात गेले. मूलबाळ नव्हतं. अक्का महिनाभर कुणाशी बोलल्या नाहीत, आणि ज्यांना त्यांची बडबड नकोशी व्हायची तेच लोक त्यांना बोलतं करायला येऊ लागले.

त्याच सुमाराला संघाचे जुने सेक्रेटरी मुलाकडे राहायला गेले. त्या जागेवर जायला कुणी तयार होईना. घोडेवाल्यांना घोड्यावर बसायला सांगा, खुर्चीवर नको. सभेत कुणीतरी थट्टेत म्हणालं, अक्कांचे गुडघे दुखतात, त्यांना द्या बसायचं काम. सगळे हसले. अक्का नाही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्या संघाच्या कचेरीत हजर.

आमच्या भागात घोड्यांचा डॉक्टर नव्हता. गाईगुरांचे डॉक्टर होते, ते घोडा म्हटलं की चार हात लांब. त्या एका जागेसाठी अक्कांनी सरकारी कचेरीतल्या साहेबांच्या दाराशी किती फेऱ्या मारल्या याला हिशेब नाही. साहेब आज नाहीत, उद्या या. उद्या आले की मीटिंगमध्ये आहेत. अक्का ना रागावल्या ना रडल्या. त्या मला सांगायच्या, घोडा अडला की त्याला ओढायचं नसतं. ओढलं की तो आणखी पाय रोवतो. त्याच्या शेजारी नुसतं उभं राहायचं, त्याला कंटाळा येईपर्यंत. तशा त्या साहेबांच्या दाराशी उभ्या राहिल्या. शेवटी साहेबांनाच कंटाळा आला. आज ज्या डॉक्टरीणबाई आहेत त्या अशा आल्या. घोडे घेऊन जाणाऱ्या ट्रकना हमरस्त्यावर थांबा मिळाला, तिथे पाण्याचा हौद झाला, तोही याच रीतीने. लोकांना हे सगळं पाठ आहे. म्हणूनच तो टॉवेल त्यांना इतका जड झाला होता. चूक झाली ती दुसऱ्या कुणाची असती तर त्यांनीच सगळ्यात आधी कान उपटला असता.

सगळ्या पागा करून घरी आलो तेव्हा माझ्या पायाला फोड आला होता आणि अक्कांच्या घशाला. रस्त्याच्या पलीकडून ओरडून ओरडून आवाज पार बसला होता. यांनी बहिणीपुढे गरम पाण्याचा पेला ठेवला.

मग वाट पाहणं सुरू झालं. अक्का घरच्या घोड्यांच्याही जवळ जात नव्हत्या. आमची म्हातारी घोडी त्यांचा आवाज ऐकला की खिंकाळायची, आणि अक्का अंगणातूनच तिला सांगायच्या की बाई, आत्ता नाही. सकाळ-संध्याकाळ सगळ्या पागांतून तापाचे आकडे फोनवर यायचे. अक्कांना नीट बोलता येत नव्हतं, म्हणून फोन मी घ्यायची आणि ऐकलेला आकडा मोठ्याने म्हणायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या. एका संध्याकाळी त्या फटकळ बाईचा फोन आला की शिंगराचं अंग तापलंय. अक्कांचा चेहरा पांढरा पडला. मी विचारलं, केव्हा मोजलं? ती म्हणाली, आत्ताच, दुपारभर उन्हात हुंदडून आलंय. तासाभराने सावलीत बांधून परत मोजा म्हणून सांगितलं. तो तास कसा गेला ते आम्हालाच माहीत. ताप नव्हता. अक्का म्हणाल्या, ही बाई एक दिवस मला वर पोचवणार.

आणखी दोनतीन दिवसांनी, भर दुपारी, डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. फाटक उघडतानाच त्या हसत होत्या, त्यामुळे मला आधीच कळलं. आजार नव्हता. नमुना स्वच्छ आला होता. मग त्यांनी घोडीला गुंगीचं औषध देऊन तोंड उघडून पाहिलं, तर जिभेच्या मुळाशी, हिरडीत, गवताचं कुसळ रुतून बसलेलं. तिथे पिकलं होतं, म्हणून सूज, म्हणून ताप, म्हणून लाळ. चिमट्याने काढलं. डॉक्टरीणबाईंनी ते कागदाच्या पुडीत आणलं होतं. केसाएवढं. एवढ्याशा गोष्टीने सगळ्या भागाची झोप उडवली होती.

अक्कांनी ती पुडी हातात घेतली. मग तिथेच पायरीवर बसल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. जवळ जाऊन पाहिलं तर हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, दोन्ही एकदम. माझाही जीव भांड्यात पडला. मी आत जाऊन देवापुढे हात जोडले, आणि बाहेर आले तर अक्का पायरीवर नव्हत्या. म्हाताऱ्या घोडीपाशी होत्या. दोघींची नाकं एकमेकींना लागली होती. टॉवेल नव्हता, एवढंच.

त्या संध्याकाळी फोन करताना अक्कांचा आवाज उघडला. बाजार होणार हे कळल्यावर लोकांनी काय काय ऐकवलं, कुणी थट्टा केली, कुणी म्हणालं अक्का, आता टॉवेल संघाच्या खर्चाने देऊ. मोठ्या मालकांनाही त्यांनी स्वतः फोन लावला. ते म्हणाले, एका गोष्टीचं बरं वाटलं, माझ्या माणसांना आता हात धुवायला सांगावं लागत नाही. खुर्चीचं त्यांनी काढलं नाही. अक्कांनीच काढलं, तर म्हणाले, राहू द्या, दुसरं कोण उभं राहणार त्या साहेबांच्या दाराशी.

सगळं निभावलं असं मला वाटलं होतं. बाजाराला चार दिवस असताना मास्तर आले. हातात टोपी धरून बसले आणि गोलगोल बोलत राहिले. सूज उतरली, घोडी चंदी खाते, सगळं ठीक. मग म्हणाले, शिंगरू यंदा बाजारात आणत नाही. अक्कांनी कारण विचारलं. हळूहळू निघालं ते असं की नेहमीची दोन गिऱ्हाइकं येऊन बघून जायची होती, ती आलीच नाहीत. पलीकडच्या पागेवाल्याने गवताची गाडी त्यांच्या दारावरून न्यायचं बंद केलं. बाजारात तुमची जागा टोकाला घ्या, असंही कुणीतरी सुचवलं. कुसळ होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, मास्तर म्हणाले, पण ठाऊक असणं वेगळं आणि जवळ येणं वेगळं. तुमचा दोष नाही, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. हे ते इतक्या चांगुलपणाने बोलले की अक्कांना आणखी लागलं.

मास्तर गेल्यावर त्या बराच वेळ माझ्यासमोर मटार सोलत बसल्या. त्या म्हणाल्या, मी सगळ्यांना फोन केले, कुसळ होतं म्हणून सांगितलं. लोक हो हो म्हणतात. मी त्या शिंगराचा मुका घेतला बाजारात, तरी म्हणतील, अक्कांचं काय, त्या तर कुठल्याही घोड्याच्या तोंडात तोंड घालतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तर म्हणतील, तिचं कामच आहे.

मी म्हटलं, मग कुणाचं ऐकतील? अक्कांनी शेंगा बाजूला सारल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथेच धोका कळला. मी म्हटलं, नाही अक्का, हे माझ्याच्याने व्हायचं नाही.

"ऐकून तर घे. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे तू घोड्याच्या सावलीलाही उभी राहत नाहीस. तू जवळ गेलीस तर कुणी काही बोलायलाच नको." त्यांचा आवाज खाली आला. "धाकटे, मास्तरांना शिंगरू बाजारात आणायला मी लावते. तू बाजाराच्या दिवशी सकाळी, गर्दी असेल तेव्हा, माझ्याबरोबर मास्तरांच्या शिंगरापाशी ये. मी धरलेलं असेल, हलणार नाही. त्याच्या नाकावरून एकदा हात फिरव. नंतर धुऊन टाक, हवं तर दहादा धू. पण हात धुशील तो सगळं झाल्यावर, घरी येऊन. तिथे लोकांसमोर नको. एवढं करशील का माझ्यासाठी?"